सोन्याचं नाणं घ्यायचंय? आधी वजन, मग पावती, मग पैसे



मागच्या महिन्यात धडगावला प्रभागसंघाची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत एका गटातल्या तरुण ताईने तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एक माणूस टेबलावर वेगवेगळ्या देशांची सोन्याची नाणी एकावर एक ठेवून चळत रचत होता. एक नाणं आफ्रिकेचं, एक कॅनडाचं, एक चीनचं. ताईने विचारलं, "मॅडम, दर महिन्याला थोडं थोडं करून हे आपल्याला जमंल का?"

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. पण परतताना एसटीत बसल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण सोन्याच्या नाण्यांनीच गेल्या वर्षी आपल्या एका गटाला मोठा फटका दिलाय. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर देते. उत्तर आहे : जमेल. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते केलेलंच आहे, फक्त त्याला कोणी चळत म्हटलं नाही. त्या नाणी गळ्यात घालत होत्या.

माझ्या आजीकडे पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे गोल, चपटं, नाण्यासारखं सोनं, त्यावर उभी माणसं कोरलेली. आजी म्हणायची, हे राम-सीता. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की पुतळी हे मुळात परदेशी नाणं आहे. इटलीत व्हेनिस नावाचं समुद्रकाठचं मोठं व्यापारी शहर आहे. तिथे १२८४ पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडत. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळपास शुद्ध. त्यावर त्यांचा एक संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख. मसाले आणि कापड घ्यायला व्यापारी आले, त्यांच्याबरोबर ही नाणी आली. आपल्या लोकांनी त्यावरच्या आकृत्यांना पुतळ्या म्हटलं, सोन्याला कडी लावली आणि गळ्यात घातलं. नंतर आपले सोनार तशाच पुतळ्या इथेच घडवायला लागले. आज दुकानात मिळते ती हीच घडवलेली पुतळी.

तसं आपल्या भागाला परदेशी नाणं नवीन नाही. आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या अंगाने वाहणारी नर्मदा भरूचजवळ समुद्राला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वी त्या बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी उतरायची आणि इथल्या नाण्यांच्या बदल्यात त्यांना नफा मिळायचा, असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. आपल्या मातीतलं सोन्याचं नाणं म्हणजे होन. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं आहेत. खरे होन आज फार थोडे उरलेत. म्हणून कोणी तुम्हाला "शिवाजी महाराजांचा होन आहे, पाच हजारात घ्या" म्हणाला, तर तिथेच उठून चालू लागा.

तिसरं नाणं गिनी. हे इंग्रजांचं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा माणूस. १९१८ मध्ये ही गिनी मुंबईतही पाडली गेली. गिनीचं वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, रुंदी २२ मिलिमीटर. हे आकडे वहीत लिहून ठेवा, लगेच उपयोगी पडणार आहेत.

आता म्हणाल, मॅडम, आमच्याकडे सोनं कुठे, आमच्याकडे चांदी. बरोबर आहे. डोंगरातल्या आपल्या बायकांचा खरा साठा म्हणजे रुपयांचा हार. राणी छाप, राजा छाप रुपये, कडी लावून ओवलेले. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात किती हार दिसतात ते तुम्हाला माहीतच आहे. पण सगळे रुपये सारखे नाहीत, आणि हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. म्हणूनच जुनी माणसं रुपया तागडीत टाकून सोनं तोलायची. त्यात ९१ टक्क्यांहून जास्त चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम. पण १९४० ते १९४५ या सालांचा रुपया दिसायला तसाच असला तरी त्यात चांदी निम्मीच आहे, साधारण ५.८ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. तो चुंबकाला चिकटतो, घरी करून बघा. हार मोडायला नेला आणि सोनाराने सगळ्याला एकच भाव लावला, तर एक तर तुमचं नुकसान नाही तर त्याचं. बहुतेक वेळा कोणाचं होतं ते तुम्हीच सांगा. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच साल वाचून रुपये वेगळे मोजून ठेवायचे. साल वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवायचं.

आता त्या व्हिडिओतल्या नाण्यांकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेने १९६७ मध्ये क्रुगरँड नावाचं नाणं काढलं. लोकांनी सोनं साठवावं म्हणूनच ते काढलं होतं. मग कॅनडाने १९७९ मध्ये मेपलच्या पानाचं, चीनने १९८२ मध्ये पांडा अस्वलाचं आणि अमेरिकेने १९८६ मध्ये गरुडाचं नाणं काढलं. यातल्या बहुतेक मोठ्या नाण्यांत एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. आज दहा ग्रॅमचाच भाव लाखाच्या पुढे आहे. तेव्हा असं एक नाणं म्हणजे एका चांगल्या बैलजोडीपेक्षा जास्त पैसे. लहान तुकडेही निघतात, पण माझं मत स्पष्ट आहे : आपण त्या वाटेला जाऊ नये. घेताना त्या नावाचे वरचे पैसे द्यावे लागतात. विकताना शहाद्याचा किंवा नंदुरबारचा सोनार अस्वल आणि गरुड बघणार नाही, सोन्याचं वजन बघेल. वरचे पैसे बुडाले. शिवाय इथे खरं-खोटं सांगणारं कोणी जवळ नाही. हौस म्हणून चित्रं बघा, मुलांना दाखवा, त्यातून देश शिकतील.

आता ती गोष्ट. ज्या ताईंची आहे त्यांनी "नाव गाव लिहू नका, पण बाकी सगळं लिहा" असं सांगितलं आहे.

शहादा तालुक्यातलं एक गाव. ऊसतोडीहून लोक परत आलेले, होळी तोंडावर, घरोघरी थोडा पैसा. दोन माणसं आणि एक बाई गावात आली. बोलणं गरिबीचं, कपडे मजुराचे. म्हणाले, आम्ही जेसीबीच्या कामावर होतो, खोदताना हंडा सापडला, मालकाला कळलं तर काढून घेईल, पोलिसांची भीती आहे, म्हणून स्वस्तात देतोय. एक छोटं नाणं ताईंच्या हातावर ठेवलं. "असंच ठेवा. सोनाराकडे दाखवा. खरं असेल तरच फोन करा." ताई शहाद्याला गेल्या. सोनाराला विचारलं, "हाई सोनं खरं शे का?" त्याने कस लावला, म्हणाला खरं आहे. आणि ते खरंच होतं! तिथेच तर सगळा डाव आहे. पहिलं नाणं खरं असतं. एक ग्रॅम सोन्याचं आमिष दाखवून पुढे साठ हजार काढायचे.

ताईंनी गटातून २५ हजार अंतर्गत कर्ज घेतलं, कारण सांगितलं शेळीपालन. बाकी ३५ हजार तोडीच्या कमाईतले. संध्याकाळी रस्त्यावरच्या एका झाडाखाली व्यवहार झाला. पिशवीत ४० नाणी. मोजायलाही वेळ दिला नाही, "पोलीस येतील, लवकर करा" असं म्हणत राहिले. ४० च्या ४० पितळेची निघाली, वरून मुलामा. फोन त्याच रात्री बंद.

ताई दोन महिने कोणाशी बोलल्या नाहीत. नवऱ्याशीही नाही. गटाचे दोन हप्ते चुकले, बैठकीला येणं बंद केलं. बाकीच्या बायका चिडल्या, आणि चिडणारच, कारण तो पैसा सगळ्यांच्या बचतीचा. शेवटी सीआरपी ताई घरी जाऊन बसल्या तेव्हा पिशवी बाहेर आली. मला आधी त्यांचा रागच आला. शेळ्यांचं खोटं कारण का सांगितलं म्हणून. मग विचार केला, कर्ज देऊन महिना झाला तरी शेळ्या कुठे बांधल्यात हे बघायला मी स्वतः गेले होते का? नव्हते गेले. नोंदवहीवर माझी सही आहे. ती माझी चूक, आणि इथे लिहिते आहे म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही मला विचाराल.

गटाने त्यांना काढून टाकलं नाही. मुद्दल सोडलं नाही, पण हप्ते लांबवून दिले, दर महिन्याला अडीच हजार. पोलिसात तक्रारही दिली, गटाच्या चार जणी बरोबर गेल्या. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता बघा, त्या दिवशी एक छोटा वजनकाटा हातात असता तर? सोनं फार जड असतं. पितळेचं तेवढंच नाणं निम्म्याहूनही हलकं भरतं. गिनीएवढ्या आकाराचं पितळी नाणं चार ग्रॅमच्या आतच राहील, खरी गिनी आठच्या जवळ जाईल. आठ ग्रॅम भरवायचे तर पितळ दुप्पट जाड करावं लागेल, आणि ते डोळ्याला दिसतं. चुंबकावर मात्र विसंबू नका. चुंबक लोखंड पकडतं, पितळ आणि तांबं पकडत नाही. नुसता कससुद्धा पुरा नाही, कारण तो वरचा थर सांगतो. सोनाराकडे टंच बघायचं मशीन असेल तर त्यावर बघायला सांगा, आणि त्याने दिलेलं एक नाही, पिशवीतलं तुम्ही निवडलेलं नाणं लावा.

आणि समजा खरंच कोणाला नांगरताना हंडा सापडला तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन कलेक्टर साहेबांना कळवावं लागतं. लपवणं आणि विकणं हा गुन्हा. म्हणजे हंड्याची गोष्ट खोटी असेल तर तुम्ही फसता, आणि खरी असेल तर तुम्ही अडकता. दोन्हीकडून नाहीच म्हणायचं.

याचाच दुसरा प्रकार मोबाईलवर चालतो. "तुमच्याकडचं जुनं पाच रुपयांचं नाणं लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा." कधी कधी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्काही दाखवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर फोन करा.

मग खरं नाणं घ्यायचं कसं? आधी एक हिशोब बघू. भाव रोज बदलतो, म्हणून सोपा आकडा धरते. समजा सोनं ग्रॅमला १०,००० रुपये आहे. एक ग्रॅमचं नाणं घेतलं. घडणावळ आणि पाकिटाचे ५०० धरा, त्यावर ३ टक्के जीएसटी ३१५, झाले १०,८१५. दुसऱ्याच दिवशी अडचण आली, मोडायला नेलं, सोनाराने दोन टक्के कापले तर हातात ९,८००. एका रात्रीत हजार रुपये गेले. तेच दहा ग्रॅमचं एक नाणं घेतलं तर घडणावळ ग्रॅममागे कमी पडते. १,५०० धरली तर जीएसटी ३,०४५ धरून एकूण १,०४,५४५. मोडताना ९८,०००. म्हणजे ग्रॅममागे तोटा साडेसहाशेच्या आसपास. लहान नाणं परवडतं असं वाटतं, पण ग्रॅममागे तेच महाग पडतं. म्हणून दर महिन्याला अर्धा अर्धा ग्रॅम घेण्यापेक्षा पैसे खात्यात साठवून वर्षातून एकदा दोन किंवा चार ग्रॅमचं घ्या. आणि वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा सोन्यात घालूच नका.

"मग आपण दहा जणी मिळून एक मोठं घेऊ" असं एका गटाने सुचवलं. नको. ठेवायचं कोणाच्या घरी? एकीला लग्नात मोडायचं असेल, दुसरीला नाही. नाणं कापता येत नाही. गटाचा पैसा अंतर्गत कर्जात फिरला तर तो खत आणतो, शाळेची फी भरतो, दवाखान्यात कामी येतो. गटाचं कर्ज काढून सोनं घेणं मला बिलकूल पटत नाही, कोणी रागावलं तरी चालेल. आधी बचत, मग हप्ता, मग घरात दोन महिन्यांचा किराणा निघेल एवढी रक्कम, त्यानंतर काही उरलं तर नाणं.

घेताना २४ कॅरेट, ९९९ असं छापलेलं सीलबंद पाकीट मागा. पाकिटावर वजन हवं. सील फोडू नका, फोडलं की मोडताना सोनार कटकट करतो. केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्राचं भारतीय सुवर्ण नाणं काढलं, एका बाजूला गांधीजी आहेत. बँकेतही काही ठिकाणी नाणी मिळतात, पण एक लक्षात ठेवा : बँक नाणं विकते, परत विकत घेत नाही. मोडायला सोनाराकडेच जावं लागतं. म्हणून घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, "परत आणलं तर काय कापाल?" आणि त्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या.

पुतळी घेणार असाल तर ती दागिन्यात मोडते. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या : बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. तो क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिना कुठे तपासला ते दिसतं. पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून एकेक ग्रॅमच्या सुट्या पुतळ्या घेताना डोळे जास्त उघडे ठेवा.

सोनाराकडच्या भिशीबद्दल खूप जणी विचारतात. अकरा महिने भरा, बारावा हप्ता दुकानाचा. दुकान टिकलं तर ठीक. बंद पडलं तर बँकेच्या ठेवीला असतं तसं विमा संरक्षण तिथे नाही. पुस्तिकेवर प्रत्येक हप्त्याला शिक्का घ्या, आणि लागू नये तेवढी मोठी रक्कम लावू नका. मोबाईलवर दहा-वीस रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सोन्याबद्दल सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सावध केलं आहे की ते तिच्या नियमांखाली येत नाही. मी स्वतः घेत नाही.

ठेवण्याचं काय? तोडीला जाताना सोनं-चांदी कोणाकडे तरी ठेवून जातो, किंवा गहाण टाकतो. दोन्ही वेळा कागद हवा. नाण्याचा, बिलाचा आणि रुपयांच्या हाराचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, हारातले रुपये सालाप्रमाणे मोजून वहीत लिहा. गहाण टाकायचंच असेल तर आधी बँकेत विचारा. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या नियमांत चांदीच्या दागिन्यांवरही कर्ज धरलं आहे, आणि ते नियम पाळायची शेवटची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली आहे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. सोन्याची नाणी एका व्यक्तीची ५० ग्रॅमपर्यंत, चांदीची ५०० ग्रॅमपर्यंत. कोणती नाणी घेतात ते शाखेत जाऊन विचारा. आणि कर्ज फेडल्यावर वस्तू सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हे वाक्य शाखेत गेल्यावर हळूच बोलून बघा, काम लवकर होतं.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला मी छोटा वजनकाटा, चुंबक आणि भिंग घेऊन येणार आहे. ज्यांच्याकडे रुपयांचा हार आहे त्यांनी अख्खा हार आणू नका, वाटेत जोखीम नको. एकच सुटा रुपया पदराला बांधून आणा. साल वाचू, वजन करू, आणि राणीचा की राजाचा ते बघू. ज्या ताईंची गोष्ट वर लिहिली त्याही येणार आहेत, त्यांच्या पिशवीतलं एक पितळी नाणं घेऊन. ते कसं दिसतं, ते हातात घेऊन बघा.